कुपवाडच्या स्क्रीनवर चांदीच्या नॅनोवायर छापता येतील का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "ताई, आमचं कुपवाड एमआयडीसीत स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट आहे. मशिनच्या नेमप्लेट, स्टिकर, मेम्ब्रेन कीपॅडचे थर छापतो. बहिणीनं कोल्हापुरातून फिजिक्समध्ये एमएस्सी केलंय. चांदीच्या नॅनोवायर लवचीक फिल्मवर छापून द्राक्षबागेसाठी दोन सेन्सर करायचा विचार आहे. एक पानावरचा ओलावा सांगणारा, दुसरा मण्याची फुगवण मोजणारा. इंकजेट मशिन घ्यावं लागेल, की आहे त्या स्क्रीनवर होईल? शाई विकत घ्यायची की स्वतः करायची?"

आहे त्याच स्क्रीनवर होईल. इंकजेटमध्ये आत्ता पैसे अडकवू नका. शाई पहिल्यांदा विकतचीच आणा. पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला मला एक अख्खा मोसम घालवावा लागला: तुमच्या दोन सेन्सरांपैकी एकालाच नॅनोवायर लागते. मण्याच्या फुगवणीला ती हवीच. पानाच्या ओलाव्याला ती उघडी छापलीत तर बागेत टिकणार नाही.

मी बावीस वर्षं या छपाईत आहे. सुरुवातीची वर्षं पुण्यात मेम्ब्रेन कीपॅडसाठी पॉलिएस्टर फिल्मवर सिल्व्हर पेस्ट छापण्यात गेली. गेली नऊ वर्षं सांगलीत राहून नॅनोवायरच्या शाईवर काम करतेय. तुम्ही कीपॅडचे थर छापता म्हणजे स्क्वीजीचा कोन, फ्रेमचा ताण, रजिस्ट्रेशन हे सगळं हाताला माहीत आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. जे नवं आहे तेवढंच लिहिते.

आधी ही तार म्हणजे काय ते नीट डोळ्यांसमोर आणा. बाजारात मिळणारी चांदीची नॅनोवायर साधारण 30 ते 100 नॅनोमीटर जाड आणि 10 ते 50 मायक्रॉन लांब असते. 60 नॅनोमीटर जाडीची आणि 25 मायक्रॉन लांबीची तार घेतली, तर लांबी जाडीच्या सुमारे चारशे पट. मिरजेला सतारमेकर गल्लीत सतारीवर चढवतात ती 0.3 मिलिमीटरची तार घ्या आणि अर्ध्या वितीपेक्षा थोडा जास्त, 12 सेंटिमीटरचा तुकडा तोडा. प्रमाण तेच. असे हजारो तुकडे जमिनीवर कसेही विस्कटून टाकले की जी जाळी होते, तीच तुमची छापलेली फिल्म. सिल्व्हर पेस्टमध्ये चांदीच्या चकत्या असतात, मायक्रॉनभर आकाराच्या, एकमेकींवर रचलेल्या. फिल्म ताणली की चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि वाट तुटते. जाळीतल्या तारा मात्र ताण पडला की सरकतात, वळतात, थोड्या सरळ होतात, पण एकमेकींना धरून राहतात. शिवाय मध्ये मोकळी जागा भरपूर असल्यामुळे उजेड आरपार जातो.

जाळी जुळायला किती तारा लागतात, याचं एक साधं गणित आहे आणि ते तुमच्या खर्चाशी थेट जोडलेलं आहे. पसरलेल्या काड्यांची जाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुकतीच जोडली जाते, तेव्हा दर क्षेत्रफळातल्या काड्यांची संख्या गुणिले लांबीचा वर्ग हे साधारण 5.64 येतं. 25 मायक्रॉनच्या तारा असतील तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे 9,000 तारा पुरतात. त्याच तारा तुटून निम्म्या झाल्या तर 36,000 लागतात. प्रत्येक तुकड्याचं वजन निम्मं धरलं, तरी चांदी दुप्पट गेली. ही नुसती जुळण्याची सीमा. चांगल्या वहनासाठी त्याच्या कितीतरी पट तारा घालाव्या लागतात. म्हणून तार तुटू न देणं हा या कामातला पहिला नियम. बाटली जोरजोरात हलवू नका, मिक्सर लावू नका, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवून विसरून जाऊ नका. पेस्ट दळायचं तीन रोलचं यंत्र कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. बाटली आडवी धरून हळूहळू लोळवायची, एवढंच. चांगली शाई लोळवताना आत रेशमासारखी लाट फिरताना दिसते, करड्या रंगात मोतिया छटा. ती लाट दिसेनाशी झाली आणि नुसता पिवळट गढूळ रंग राहिला, तर तारा कमी आणि गोळे जास्त आहेत असं समजा.

आता मुख्य गोष्ट. नवखी माणसं इथेच अडकतात. पहिल्यांदा छापलेली फिल्म वाळवून मल्टिमीटर लावला की आकडा भलताच येतो, कधी किलोओहम, कधी मेगाओहम. लगेच वाटतं शाई खराब निघाली. बहुतेक वेळा शाईत काहीच दोष नसतो. ही तार तयार होते तेव्हा तिच्या अंगावर पीव्हीपी नावाच्या पॉलिमरचा पातळ थर असतो. त्या थरामुळेच ती लांब वाढते आणि शाईत गोळा होत नाही. पण दोन तारा एकमेकींवर पडतात तिथे हाच थर मध्ये येतो. तार स्वतः उत्तम वाहक, अडथळा सगळा सांध्यावर. फिल्मचा रोध म्हणजे जवळजवळ या लाखो सांध्यांचाच रोध. छपाई ही निम्मं काम, सांधे जुळवणं हे उरलेलं निम्मं.

सांधे जुळवायला तीन रस्ते तुमच्या आवाक्यातले आहेत. उष्णता हा पहिला. पॉलिएस्टर फिल्मला 120 ते 130 अंशांच्या पुढे नेऊ नका, ती आखडते आणि तुमचं रजिस्ट्रेशन, म्हणजे थरांची एकमेकांवरची जुळणी, जातं. हीट स्टॅबिलाइज्ड फिल्म घेतली तर थोडी मुभा मिळते. चांदी वितळते 961 अंशांना, म्हणून वाटतं की 250 अंशांना तिला काय होणार. पण इतकी बारीक तार त्याच्या कितीतरी आधी स्वतःच तुटून थेंबांची माळ होते. पिवळ्या पॉलिइमाइड फिल्मवर काम करणाऱ्यांचा इथे घात होतो, कारण फिल्म सोसते आणि तारा सोसत नाहीत. दुसरा रस्ता दाब. तुमच्याकडे लॅमिनेशनचा रोलर असेलच. छापलेल्या बाजूवर रिलीज फिल्म ठेवून एकदा-दोनदा दाबून काढा. तारा एकमेकींत रुततात, फिल्म गुळगुळीतही होते. तिसरा रस्ता पाण्याच्या वाफेचा, आणि तो पाहताना मला आजही नवल वाटतं. गरम पाण्याच्या भांड्यावर फिल्म हातभर उंचीवर धरा, दोन्ही टोकांना मीटरचे चिमटे लावलेले. पृष्ठभागावर दव धरतं, मीटर थोडा हेलकावतो. मग फिल्म बाजूला घेतली की दव उडायला लागतं आणि आकडा उतरायला लागतो. माझ्या एका पट्टीवर तो डोळ्यांदेखत 3 किलोओहमवरून 400 ओहमच्या खाली आला होता. दोन तारांच्या फटीत अडकलेलं पाणी उडताना त्यांना एकमेकींकडे ओढतं, त्या ओढीनेच सांधा जुळतो. ना भट्टी, ना केमिकल. दोन-तीनदा करा, मग फरक पडायचा थांबतो. यानंतर हलका दाब दिला तर आणखी चांगलं.

मोजताना ओहम नुसता लिहू नका, "चौकोनामागे ओहम" लिहा. 5 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर लांब पट्टी म्हणजे दहा चौकोन. पट्टीचा रोध 200 ओहम आला तर चौकोनामागे 20. पारदर्शक आणि तरीही 20 च्या आसपास, ही चांगल्या नॅनोवायर फिल्मची खूण. तुमच्या सेन्सरला इतकं कमी लागतही नाही; 50 चाललं तरी इलेक्ट्रॉनिक्सवाला तक्रार करणार नाही. पण सगळ्या पट्ट्या सारख्या आल्या पाहिजेत. एक 40 आणि शेजारची 90 अशी शीट फेकून द्यायची.

स्क्रीनकडे येते. पॉलिएस्टरच्या मेशमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या जाळीत, सेंटिमीटरला 120 धागे असतील तर भोक साधारण 45 ते 50 मायक्रॉनचं, 77 धागे असतील तर 70 ते 80 मायक्रॉनचं. तुमची तार 25 मायक्रॉनची असेल तर 77 वर सुरुवात करा. 120 वर छापता येतं, पण पंधरा-वीस छापांनंतर मेश हळूहळू तुंबतो आणि शीटच्या एका बाजूचा रोध चढत जातो. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, कारण फिल्म मुळातच पारदर्शक आहे. रंगाच्या छपाईत तुमची नजर चूक पकडते, इथे मीटरशिवाय पर्याय नाही. दर दहाव्या शीटवर कोपऱ्यात एक चाचणीपट्टी ठेवा आणि मोजा.

शाई बहुतेक पाण्यातली असते आणि दाटपणासाठी तिच्यात सेल्युलोजचं एखादं रूप घातलेलं असतं, एचपीएमसी वगैरे. म्हणजे तुमचं इमल्शन, स्क्रीनवर आकृती धरणारा थर, पाण्याला टिकणारं हवं. सॉल्व्हंट शाईसाठी जे वापरता ते दुपारपर्यंत मऊ पडून रेघेच्या कडा पसरतील. चैत्र-वैशाखात दुसरी अडचण. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात पाणी मेशमध्येच वाळतं. शाईत थोडं प्रॉपिलीन ग्लायकॉल चालतं का ते पुरवठादाराला विचारा, फ्लड करून, म्हणजे स्क्रीनवर शाई पसरून, ती उघडी ठेवून फोन घ्यायला जाऊ नका आणि खोलीत ओलावा राखा. याउलट आषाढ-श्रावणात शाई वाळतच नाही, थेंब कडेला सरकून कडेची रेघ दाट आणि मधला भाग विरळ होतो. मी पावसाळ्यात शीट आडव्या रॅकवर न ठेवता आधी कोमट हवेच्या झोतात एक मिनिट धरते आणि मगच ठेवते.

फिल्म आणि शाईचं जमणं हा वेगळा विषय आहे, पण तुम्हाला त्यात शिकवायला नको. पॉलिएस्टरची ट्रीटेड बाजू, म्हणजे शाई धरणारी बाजू, कोणती ते डाइन पेननं, म्हणजे ती ओळखायच्या चाचणी-पेननं, बघा. ताणण्यासाठी टीपीयू (रबरासारखं ताणणारं प्लास्टिक) किंवा सिलिकोन रबर घ्याल, तेव्हा सिलिकोन पाण्याला अजिबात धरत नाही हे ध्यानात ठेवा. त्यावर सरळ छापण्यापेक्षा दुसऱ्या फिल्मवर छापून, वर पातळ सिलिकोन ओतून, वाळल्यावर सोलून घेणं जास्त भरवशाचं. तारा सिलिकोनच्या पाठीत रुतून येतात. सुरुवातीला 300 मायक्रॉनपेक्षा बारीक रेघ आखू नका.

इंकजेट का नको, ते आता दोन वाक्यांत कळेल. प्रयोगशाळेत वापरतात त्या एका नेहमीच्या काडतुसाचं तोंड 21 मायक्रॉनचं असतं, आणि जुना नियम असा की शाईतला कण तोंडाच्या पन्नासाव्या भागापेक्षा मोठा नसावा. 25 मायक्रॉनची तार त्यातून काढायची म्हणजे आधी तिचे तुकडे करायचे, आणि तुकडे केले की वरचं चांदीचं गणित उलटं फिरतं. ज्यांना दर नगाला वेगळं डिझाइन लागतं त्यांच्यासाठी इंकजेट ठीक आहे. तुमच्या कामात डिझाइन एकच आणि नग शेकड्यांनी.

बहिणीनं वाचलेल्या पेपरांमध्ये "नॅनोवायर प्रिंटिंग" या नावाखाली एक अगदी वेगळी गोष्टही आली असेल, तिची गल्लत करू नका. सिलिकॉन किंवा जर्मेनियमच्या तारा वाहक म्हणून नसतात, त्यांचे ट्रान्झिस्टर करतात. त्या तापलेल्या भट्टीत धातूच्या थेंबाखालून वाढवतात. ही पद्धत वॅग्नर आणि एलिस यांनी 1964 मध्ये बेल लॅबमध्ये मांडली. प्लास्टिक ती उष्णता सोसत नाही, म्हणून तारा आधी वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, उभ्या वाढवायच्या आणि मग तो वेफर उलटा करून फिल्मवर एका दिशेनं घासायचा. तारा मोडून, एका रांगेत आडव्या पडतात. बर्कलीत अली जावी यांच्या गटानं 2010 मध्ये अशा छापलेल्या तारांवर 7 गुणिले 7 सेंटिमीटरची कृत्रिम त्वचा करून दाखवली, तिच्यात 19 गुणिले 18 दाबबिंदू होते. सुंदर काम आहे, पण त्याला स्वच्छ खोली, वायूंची भट्टी आणि लिथोग्राफी लागते. तुमच्या हातातलं काम चांदीच्या जाळीचं.

आता द्राक्षबाग.

पानाचा ओलावा मोजणारी पट्टी म्हणजे दोन कंगवे एकमेकांच्या दातांत अडकवलेले. दव किंवा पाऊस पडला की दातांमधल्या फटीत पाणी धरतं आणि रोध किंवा धारकता (कपॅसिटन्स) बदलते. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका पान किती तास ओलं राहिलं यावर ठरतो, म्हणून बागायतदाराला हा आकडा खराच उपयोगी. पण इथे चांदी उघडी ठेवली की दोन शत्रू उभे राहतात.

पहिला शत्रू तुम्हाला कीपॅडमधून माहीत असेल. ओल आणि डीसी व्होल्टेज एकत्र आले की धन बाजूची चांदी विरघळते, पाण्यातून ऋण बाजूला जाते आणि तिथून झाडाच्या फांद्यांसारखी परत वाढत येते. फट भरली की शॉर्ट. कीपॅडमध्ये आपण चांदीवर कार्बनचा थर चढवतो तो याचसाठी. ओलावा मोजणाऱ्या पट्टीला तर मुद्दाम पाण्यातच ठेवायचं असतं, म्हणजे या रोगाला आमंत्रण. नॅनोवायर तर जाड पेस्टपेक्षा कितीतरी लवकर संपते.

दुसरा शत्रू आपल्या भागातला. तासगाव तालुक्यातल्या एका बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर मी चांदीच्या नॅनोवायरच्या बारा पट्ट्या बांधल्या होत्या. वरून पातळ सिलिकोनचा थर दिला होता, पाण्यापासून संरक्षण म्हणून. पहिले पंधरा दिवस आकडे देखणे आले. मग हळूहळू रोध चढायला लागला, एकेका पट्टीचा नाही, सगळ्यांचा. मला वाटलं वायरिंगचे क्रिंप सैल झाले, मी जाऊन सगळे जोड पुन्हा केले. काही फरक नाही. शेवटी बागायतदाराच्या आईनं एक पट्टी हातात घेऊन उन्हाकडे धरली आणि म्हणाल्या, "बाई, ही आधी पांढरी होती, आता तांबूस दिसतीय." पट्टी खरोखर चहाच्या रंगाकडे झुकली होती. भुरी रोगासाठी बागेत गंधक फवारलेलं होतं, धुरळलेलंही होतं. गंधकाची वाफ साध्या हवेच्या तापमानालाही चांदीला लागते, चांदीचं सल्फाइड होतं. आणि सिलिकोन पाणी अडवत असलं तरी वायूंना ते जाळीसारखं मोकळं असतं. मी ज्या थराला कवच समजत होते, तो कवच नव्हताच.

हुपरीचं पैंजण घरात काळवंडतं तेव्हा आपण ते चिंचेनं घासतो आणि ते पुन्हा लखलखतं, कारण काळा थर वरवरचा असतो आणि खाली चांदी उरलेली असते. तसाच दहा-वीस नॅनोमीटरचा थर 60 नॅनोमीटरच्या तारेवर चहूबाजूंनी चढला, तर घासायला खाली फारसं काही उरतच नाही. बेदाण्याच्या शेडजवळ, जिथे गंधकाची धुरी देतात, तिथेही हा धोका धरा. साखर कारखान्याच्या सांडपाण्याजवळ हायड्रोजन सल्फाइड असतो, तोही तितकाच मारक. प्लास्टिकवर छापलेला नॅनोवायरचा सेन्सर परदेशातल्या प्रयोगशाळेत महिनोन् महिने टिकला असेल. आपल्या शिवारात गंधक आहे, हे धरूनच डिझाइन करा.

म्हणून पानाच्या ओलाव्याची पट्टी कार्बन पेस्टनं छापा. रोध जास्त येईल, येऊ द्या. तिथे पाण्याचा रोध त्याहून मोठा असतो. व्होल्टेज डीसी देऊ नका, दिशा बदलणारं द्या. त्याहून बरं म्हणजे वरून डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, शाईचा थर देऊन धारकता मोजा, मग धातू पाण्याला लागतच नाही. तुमच्या युनिटमध्ये आज जे आहे त्यात हे होतं. नॅनोवायर इथे शोभेची ठरेल.

मण्याच्या फुगवणीला मात्र तिच्याशिवाय गत्यंतर नाही, कारण तिथे पट्टी खरी ताणली जाते. इथे वाकणं आणि ताणणं यातला फरक आकड्यांत बघा. 50 मायक्रॉनची फिल्म 5 मिलिमीटर त्रिज्येच्या पेनाभोवती गुंडाळली तर वरच्या पृष्ठभागावर ताण येतो फक्त अर्धा टक्का. तेवढ्याला साधी सिल्व्हर पेस्टही पुरते. लोक उगीच वाकण्यासाठी नॅनोवायर घेतात. पण मणी 14 मिलिमीटरवरून 18 मिलिमीटरवर गेला, तर त्याच्या भोवतीचा पट्टा 28 टक्क्यांहून जास्त ताणला जातो. इथे चकत्यांची पेस्ट सुटते, जाळी टिकते. सिलिकोनच्या दोन थरांमध्ये चांदीची जाळी ठेवून केलेल्या सेन्सरांवर 2014 मध्ये जे काम प्रसिद्ध झालं, त्यात 70 टक्क्यांपर्यंत ताण मोजता आला होता आणि गेज फॅक्टर, म्हणजे ताणाच्या प्रमाणात रोध किती बदलतो तो आकडा, 2 ते 14 च्या दरम्यान होता. धातूच्या साध्या स्ट्रेन गेजचा तो 2 च्या आसपास असतो.

पण मणी सेटिंगनंतर, म्हणजे फळ धरल्यावर, 5-6 मिलिमीटरचा असताना पट्टा घालून तो काढणीपर्यंत चालेल, असं धरू नका. ती तिपटीची वाढ आहे, जाळी ती सोसेल असा भरवसा नाही. एकतर मण्यात पाणी भरायला लागल्यावर पट्टा घाला, नाहीतर बंद कड्याऐवजी इंग्रजी सी अक्षरासारखा उघडा पट्टा करा आणि त्याच्या टोकांमधलं अंतर मोजा. पट्टा इतका मऊ हवा की मण्यावरची पांढरट मेणचट झाक पुसली जाऊ नये. निर्यातीचा माल करणारा बागायतदार आधी तेच बघेल आणि पट्टा काढून टाकेल. पारदर्शक जाळीचा इथे खरा फायदा आहे, मण्यावर सावली पडत नाही. गंधकाला अडवायला सिलिकोनवर विसंबू नका. पट्ट्याच्या बाहेरून पॅरिलीनचा किंवा दुसरा वायू अडवणारा थर लागेल, आणि तो ताणताना तडकतो का हे तपासावं लागेल. या भागात मी स्वतः अजून रोज काहीतरी बदलून बघतेय. एक गोष्ट ठरलेली: पट्टा पहिल्यांदा ताणला की रोध चढतो आणि सोडल्यावर पूर्ण मूळ जागी येत नाही. बांधण्याआधी प्रत्येक पट्टा 30 टक्क्यांपर्यंत शंभरेक वेळा ताणून-सोडून घ्या, मग तो स्थिरावतो. आणि शेजारी तसाच एक न ताणलेला पट्टा ठेवा, तापमानाचा फरक वजा करायला. दुपारी 35 आणि पहाटे 10 अंश असं आपलं हिवाळ्याचं हवामान. तो फरक वजा केला नाही तर तुम्ही फुगवणीऐवजी ऊन मोजत बसाल.

बागेत नेण्याआधी गंधकाची चाचणी घरीच होते. काचेच्या बरणीत तळाला गंधकाची पावडर, मधे जाळी, जाळीवर तुमचा नमुना आणि शेजारी उघड्या तारांचा एक नमुना. झाकण लावून 50 अंशांच्या आसपास दोन दिवस ठेवा, रोज रोध मोजा. उघडा नमुना मेला आणि तुमचा तसाच राहिला तरच कवच खरं.

शाई घरी करायची का, याचं उत्तर: बहिणीला करू द्या, पण विकायच्या मालासाठी नाही. पद्धत अवघड नाही. इथिलीन ग्लायकॉल 150-160 अंशांवर, त्यात पीव्हीपी, कणभर क्लोराइडचं मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं. वॉशिंग्टन विद्यापीठात युनान शिया यांच्या गटानं 2002 च्या सुमारास ती बसवली. ग्लायकॉल स्वतःच चांदी मोकळी करतं, पीव्हीपी चांदीच्या बियाण्याच्या, म्हणजे सुरुवातीच्या बारीक कणाच्या, बाजूंना चिकटतं, म्हणून वाढ फक्त दोन टोकांना होते आणि पाच कोनी छेदाची तार तयार होते. पण पाण्याचा अंश, ढवळण्याचा वेग, मिठातली लोहाची भेसळ, कशानंही अख्खी खेप बिघडते. आज 30 मायक्रॉनच्या तारा, उद्या त्याच कृतीनं पिवळे गोळे. छपाई शिकताना शाईही बदलत राहिली तर चूक कुठे आहे ते कधीच सापडणार नाही. तिनं केलेला माल बघायला शिवाजी विद्यापीठात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, पेस्टच्या प्रश्नांसाठी पुण्यात सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सरकारी संस्था आहे, आणि रोलवर छपाई बघायची असेल तर कानपूरच्या आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. रोजच्या कामाला मात्र डार्क फील्ड लावलेला साधा मायक्रोस्कोप पुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर तारा चमकत्या काड्यांसारख्या दिसतात आणि लांबी मोजता येते.

सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं तर कातडी काळी पडते, डोळ्यात गेलं तर फार वाईट. हातमोजे आणि चष्मा हवेतच. धुण्याचं पाणी मोरीत सोडू नका. चांदी पाण्यातल्या जिवांना विषारी आहे आणि कुपवाडचा ओढा शेवटी कृष्णेलाच मिळतो. विरघळलेली चांदी मिठाच्या पाण्यानं पांढऱ्या साक्यात खाली बसते, तारा पाणी निवळू दिलं की तळाच्या गाळात राहतात. तो साका, तो गाळ, वाया गेलेल्या शीट, पुसलेली फडकी, सगळं एका डब्यात साठवा. विट्याकडची गलाईवाली माणसं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, देशभर हेच काम करतात. वर्षाचा डबा भरला की चांदी परत मिळते.

पहिल्या महिन्यात सेन्सरच्या मागे लागू नका. 77 च्या मेशवर 5 गुणिले 50 मिलिमीटरच्या वीस पट्ट्या एका शीटवर आखा, अशा दहा शीट छापा. प्रत्येक पट्टीचा रोध तीनदा लिहा: वाळल्यावर, वाफेनंतर, रोलरनंतर. मग त्याच पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ओढा आणि चौथ्यांदा लिहा. दोनशे पट्ट्यांचे ते चार रकाने मला पाठवा. वाफेनंतर आकडा उतरलाच नसेल तर शाईत सेल्युलोज जास्त आहे, शीटच्या उजवीकडे चढत गेला असेल तर मेश तुंबतोय, आणि चिकटपट्टीनं सगळं उचललं असेल तर तुम्ही फिल्मची उलटी बाजू छापली आहे.